दुसऱ्यांच्या तोंडून

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टुडिओच्या पॅसेजमध्ये बाकावर बसून जेवत होत्या. मांडीवर उघडा डबा, हातात भाकरीचा तुकडा. आणि समोर उभ्या असलेल्या रेकॉर्डिस्टला अगदी शांतपणे सांगत होत्या, "नवरा गेला, पण मी त्याला जाऊ दिलं नाही. तीन वर्षं पलंगाखाली ठेवला. रोज त्याच्याशी बोलायचे."

रेकॉर्डिस्टने मान डोलावली. "बाई, 'ठेवला'नंतर जरा थांबा. लगेच पुढे जाऊ नका."

मी जागच्या जागी थिजले. माझा नोकरीचा पहिला दिवस होता. दादरच्या आमच्या घरात मोठ्याने खोकलं तरी आई शेजाऱ्यांच्या भिंतीकडे बघायची. आणि इथे एक साठीची बाई, नऊवार नाही पण तितकंच घट्ट नेसलेलं सुती पातळ, कपाळावर टिकली नाही, केसांचा चापूनचोपून अंबाडा, सुकटीच्या चटणीबरोबर भाकरी खात नवऱ्याच्या प्रेताबद्दल बोलत होती. माझ्याकडे लक्ष गेल्यावर म्हणाल्या, "काय गो, नवीन का तू? घाबरू नको. आज दुपारचं काम आहे ते. माझा नवरा रीतसर भोईवाड्याच्या स्मशानात गेला."

स्टुडिओ लोअर परळला होता, एका जुन्या गिरणीच्या आवारात. परदेशी वाहिन्यांच्या डॉक्युमेंटऱ्या आम्ही मराठीत आणायचो. वाघ-सिंह, समुद्राच्या तळाशी बुडालेली जहाजं, असलंही काम यायचं. पण जास्त काम असायचं ते माणसांचं. नऊ बायका करून एकाच घरात नांदणारा, जगबुडी येणार म्हणून जमिनीखाली डब्यांची कोठारं भरणारे, सोफ्यातला फोम खाणारी, तुरुंगातल्या खुन्याशी लग्न करणारी. मी इंग्रजीवरून मराठी लिहायचे आणि आमचे आवाज ते बोलायचे. घरी मी बाबांना सांगितलं होतं की शैक्षणिक कार्यक्रमांचं भाषांतर करते.

स्टुडिओत बायकांचे चारपाच आवाज होते, पण अशा विचित्र, बदनाम, लोकांनी थुंकावं अशा बायकांसाठी बाईच लागायच्या. तरुणपणी त्या कामगारांच्या नाटकांतून कामं करायच्या. गिरणीतले पुरुष हौशी नट, आणि बायकांची कामं करायला बाहेरून बोलावलेल्या दोनतीन जणी. त्यांतल्या त्या एक. नवराही गिरणीतलाच. गिरणी गेली, नाटकं गेली, नवरा गेला, आवाज तेवढा राहिला. तो मात्र असा होता की हेडफोनमध्ये ऐकताना आपल्याच कानामागून कोणीतरी बोलतंय असं वाटायचं.

त्यांची कामाची रीत वेगळी होती. आधी सगळी फिल्म आवाज बंद करून बघायच्या. माझा कागद हातात घ्यायच्या नाहीत. "आधी तिचं तोंड बघू दे. ती काय बोलते ते नंतर," म्हणायच्या. मग डबिंगच्या दिग्दर्शकांना एक प्रश्न ठरलेला. "हिची आई जिवंत आहे का?" दिग्दर्शक वैतागायचे. "बाई, मला काय माहीत? मी काय तिच्या घरी जेवायला जातो?" पण बाईंना उत्तर मिळाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. मग मीच काहीतरी ठोकून द्यायचे, "हो बाई, आहे. म्हातारी आहे." तेव्हा त्या आवाज जरा खाली आणायच्या. म्हातारी ऐकत असणार म्हणून.

एकदा माती खाणाऱ्या एका बाईची फिल्म आली. परदेशातली शिकलीसवरलेली नर्स, दिवसाला वाटीभर माती खायची. रेकॉर्डिंगच्या दिवशी बाईंनी कनवटीचा रुमाल सोडला आणि त्यातून शाडूचा एक खडा काढला. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यातून मागून आणला होता. आम्ही बघत असतानाच त्यांनी त्याचा कोपरा दातांनी तोडला आणि सावकाश चघळायला लागल्या. दिग्दर्शक ओरडले. रेकॉर्डिस्टने खुर्ची सोडली. मी तर पाण्याचा ग्लास घेऊन धावले.

"थांब गो," त्यांनी हात वर केला. "थंड लागते. वाईट नाही. जिभेला चिकटून बसते." मग आत जाऊन एका दमात सगळं बोलल्या. त्या नर्सचं एक वाक्य होतं, 'मला लाज वाटते, पण तोंडात गेली की शांत वाटतं.' ते ऐकून दिग्दर्शक चष्मा पुसायला लागले. नंतर दोन दिवस बाईंचं पोट बिघडलं होतं.

मला त्यांनी एकदाच झापलं. एका खुन्याच्या मुलाखतीत 'मला मजा आली' असं वाक्य होतं. मला ते लिहवेना. मी लिहिलं, 'मला समाधान वाटलं.' ते बोलणारा आवाज दुसऱ्याच कोणाचा होता. पण बाई रेकॉर्डिंगच्या खोलीच्या काचेबाहेर बसून बघत होत्या. टेक झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तो हसत होता. समाधान वाटलेला माणूस असं हसत नाही. काय म्हणाला तो खरं?"

मी सांगितलं.

"मग तेच लिही. कितीही वाईट असो, त्याचं आहे ते. कोणाच्या तोंडात आपले शब्द घालू नयेत."

मी त्यांना एकदा विचारलं होतं, लोक हे असलं का बघत असतील? दिग्दर्शकांचं म्हणणं होतं की आपण किती बरे आहोत हे बघून लोकांना सुखाची झोप लागते. बाईंना ते पटत नव्हतं. म्हणाल्या, "घरात कोणी कोणाला विचारतं का, तू असं का केलंस? बायको नवऱ्याला विचारत नाही, आई पोरीला विचारत नाही. मारतात, बोलणं टाकतात, पण विचारत नाहीत. ते टीव्हीवाले समोर खुर्ची टाकून बसतात आणि विचारतात. आणि माणूस सांगतो गो! मला त्याचंच नवल वाटतं."

लालबागच्या त्यांच्या चाळीत मी दोनतीनदा गेले. आमचा एखादा कार्यक्रम लागणार असला की त्या दार उघडं ठेवायच्या आणि मजल्यावरच्या बायका निवडायची भाजी घेऊन येऊन बसायच्या. एकदा मोठी माणसं तान्ह्या बाळासारखे कपडे घालून, दुधाची बाटली तोंडात धरून जमतात, त्यांचा कार्यक्रम होता. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. बाईंनी उठून टीव्ही बंद केला.

"अगो, लाव की," एक जण म्हणाली. "मजा येत होती."

"बघायचं तर गप बसून बघा. उद्या आपल्या मजल्यावर कॅमेरा आला तर?"

"आपल्याकडे काय आहे दाखवण्यासारखं?"

बाईंनी टीव्ही त्या दिवशी परत लावला नाही. बायका भाजी उचलून गेल्या. मला वाटलं, काय हा तऱ्हेवाईकपणा.

आणि मग ती फिल्म आली.

कुठल्याशा डोंगराळ भागातली, एका पंथाची वस्ती. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास, असं मानणारी माणसं. त्यातल्या एका आईचा आठ वर्षांचा मुलगा छातीत कफ होऊन गेला. आठवडाभर ती उशाशी प्रार्थना करत बसली, डॉक्टरला बोलावलं नाही. खटला झाला, तिला शिक्षा झाली, सुटून आली. फिल्मच्या शेवटी मुलाखत घेणारा विचारतो, 'आज ती वेळ परत आली तर?' आणि ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, 'मी परत तेच करीन.'

आम्ही सगळे हादरलो होतो. लिहिताना माझा हात दोनदा थांबला होता. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, हे वाक्य मला दगडासारखं हवं. थंड. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला पाहिजे."

बाईंनी आवाज बंद ठेवून फिल्म बघितली. या वेळी त्यांनी आईबद्दल विचारलं नाही. "दगड नाही ती," एवढंच म्हणाल्या.

रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा दिग्दर्शक फोनवर बोलत बाहेर गेले होते. काचेच्या अलीकडे मी आणि रेकॉर्डिस्ट. बाकीचं सगळं सरळ झालं. शेवटच्या वाक्याला बाई थांबल्या. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबल्या. त्यांनी पाणी मागितलं. माझ्या नोकरीच्या आठ वर्षांत त्यांना तिसरा टेक लागलेला मी पाहिला नव्हता.

तिसऱ्या टेकला पडद्यावरची बाई इंग्रजीत बोलायला लागली आणि मागोमाग बाई बोलल्या, "नाही. परत नाही. परत असं नाही करणार मी."

माझं बोट कागदावरच्या वाक्यावर होतं. मी रेकॉर्डिस्टकडे बघितलं. तो हेडफोन लावून पडद्यावरच्या आवाजाच्या लाटांकडे बघत होता, शब्दांकडे त्याचं लक्ष नसे. "मस्त," तो म्हणाला. बाई बाहेर आल्या, "झालं" म्हणाल्या आणि डबासुद्धा न उचलता निघून गेल्या.

मी त्यांना हाक मारायला हवी होती. कागदाशी आवाज जुळतो, अशी सही माझीच असायची. फिल्म त्याच संध्याकाळी पाठवायची होती. मी तो तुकडा दोनदा ऐकला. इतका खरा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता आणि तो इतका चुकीचा होता. मला तो पुसवेना. हे एक कारण. दुसरं कारण, बाईंना जाऊन 'असं का केलंत' म्हणून विचारायची मला भीती वाटली. मी सही केली.

कार्यक्रम लागला. पंधरा दिवस कोणी काही बोललं नाही. मग एका दुपारी स्टुडिओत फोन आला, तो मी उचलला.

"तुमचं नाव शेवटी येतं, स्टुडिओचं, त्यावरून नंबर शोधला," पलीकडून एक अनोळखी बाई म्हणाली. घोगरा, जपून वापरल्यासारखा आवाज. "ती मुलगा गेलेली आई. मराठीत ती म्हणते, परत असं करणार नाही. पण खाली तिचं इंग्रजी ऐकू येतं. ती उलटं म्हणतेय."

आमच्या पद्धतीत मूळ आवाज बारीक करून खाली ठेवतात, हे मी विसरलेच होते.

"हे कोणी बदललं?" तिने विचारलं.

समोरच्या खोलीत दिग्दर्शक बसले होते. मी आवाज खाली घेतला. "भाषांतरातली चूक आहे मॅडम. माझी. लिहिताना गडबड झाली."

"म्हणजे बोलणाऱ्या बाईंनी कागदावर होतं तेच वाचलं?"

"हो. त्यांचा काही संबंध नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," ती म्हणाली. मी तिचा नंबर लिहून घेतला, वरिष्ठांना कळवते म्हटलं. नाव विचारायच्या आत तिने फोन ठेवला.

मला वाटलं, मी बाईंना वाचवलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्यावर मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं. "बाई, तुमची चोरी पकडली गेली होती. पण मी सगळं माझ्या अंगावर घेतलं."

बाई बाकावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आवाज कसा होता?"

"घोगरा. जरा ओढल्यासारखा."

"काय विचारलं तिने? जसंच्या तसं सांग. आपलं काही घालू नको."

मी सांगितलं. बाईंनी डोळे मिटले. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी त्यांच्या शेजारी बसले ती उठूच शकले नाही.

त्यांना मुलगी होती. मला, चाळीत येणाऱ्या मला, त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून तिला फिट यायच्या. गोळ्यांनी ताब्यात होत्या. परळला तेव्हा एक बाबा अंगारा द्यायचे, बाई मुलीला घेऊन त्यांच्याकडे जायच्या. मुलगी एकोणीस वर्षांची असताना त्या बाबांच्या सांगण्यावरून गोळ्या बंद केल्या. पंधराव्या दिवशी पाहुणे बघायला येणार होते. मुलगी त्यांच्यासाठी भजी तळत होती. फिट आली आणि ती कढईवर पडली.

"जगली," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलातून आली, वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि मग निघून गेली. सव्वीस वर्षं झाली."

"कुठे असते?"

"कॉटन ग्रीनला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लालबागहून काळाचौकीच्या रस्त्याने चालत गेलं तर अर्धा तास लागत नाही.

"आणि काल ती हे विचारत होती," बाई म्हणाल्या, "की हे आई स्वतः बोलली का. आणि तू म्हणालीस, नाही."

मला त्यांनी रागावायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मी तिथेच, त्यांच्यासमोर, तो नंबर लावला.

"मी काल तुमच्याशी खोटं बोलले," मी म्हटलं. "कागदावर बरोबर होतं. बाई स्वतःहून तसं बोलल्या."

ती म्हणाली, "पत्ता लिहून घ्या. रविवारी सकाळी तिला आणा. आणि तुम्ही पण या. साक्षीला कोणीतरी हवं."

आम्ही चालत गेलो. गोदामांच्या मागे जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, एक खोली. दार उघडलं ती पंचेचाळिशीची बाई. उजव्या जबड्यापासून गळ्यापर्यंतची कातडी ओढून शिवल्यासारखी, उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. शेल्फवर घड्याळ, घड्याळाशेजारी गोळ्यांची पट्टी, आणि खोलीच्या मानाने बराच मोठा टीव्ही.

"बसा," ती मला म्हणाली. आईकडे बघून म्हणाली, "बोल."

बाईंचं तोंड उघडलं आणि मिटलं. खुनी बायकांचं, वेड्या बायकांचं, सगळ्या जगाचं बोललेल्या त्या बाईंच्या गळ्यातून आवाज निघेना.

"सहा वर्षं ऐकतेय मी तुला," मुलगी म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कोणीतरी विष घालणारी होतीस. मी कणीक टाकून धावत आले. त्यानंतर एक कार्यक्रम चुकवला नाही. शेजारी म्हणतात, ही बाई असलं घाणेरडं काय बघत बसते. मी तुला ऐकत होते. वाटायचं, सगळ्यांचं कबूल करतेस, कधीतरी तुझं येईल. आणि आलं. तर या म्हणतात, लिहिताना गडबड झाली."

मी खाली बघत राहिले.

"गडबड नाय ती," बाई म्हणाल्या. "मीच बोललंय."

"मग आता स्वतःचं बोल, आये. बाबाच्या नादाला लागून तुझ्या गोळ्या बंद केल्या, चुकले. एवढंच. एकदा म्हण."

बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले. "बाबांनी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ते म्हणाले होते, अंगारा लाव, पण डॉक्टरची गोळी चुकवू नको. मीच बंद केल्या. आधीच्या स्थळाने कळवलं होतं, मुलगी सुस्त वाटते, जीभ जड आहे. गोळ्यांनी तसं व्हायचं तुला. म्हटलं, पंधरा दिवस. बघून गेले की परत सुरू करू. तू विचारशील म्हणून बाबांचं नाव सांगितलं. मग हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, कोणी बंद केल्या? तेव्हाही तेच नाव तोंडातून गेलं. मग ते मागे घेता येईना."

मुलगी उभी होती ती भिंतीला टेकली.

"चाळीतल्या लोकांनी बाबांची खोली फोडली," ती म्हणाली. "मारत मारत आपल्या चाळीसमोरून नाक्यापर्यंत नेलं. बाबांनी गाव गाठलं ते परत आले नाहीत. सगळ्यांनी मला सांगितलं. तू कुठे होतीस?"

"गॅलरीत."

"बघत?"

"बघत."

"त्याच्या आधी ते हॉस्पिटलात आले होते मला बघायला. हात जोडून उभे राहिले. मी वॉर्डबॉयला सांगून त्यांना बाहेर काढलं. तुझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत ते, आये. एक शब्द नाही."

बाई उठून तिच्याकडे जायला लागल्या. तिने भाजलेला हात वर करून त्यांना थांबवलं. "जा तू. आधी त्यांना शोध. त्यांच्यासमोर हे बोल, जसं आत्ता बोललीस. मग माझ्याकडे ये." मला दारापर्यंत सोडताना म्हणाली, "आणि त्या परदेशातल्या आईचं वाक्य नीट करा. ती तसं म्हणाली नव्हती. तिचं तिला राहू द्या."

सोमवारी मी दिग्दर्शकांना सगळं सांगितलं. ते इतके ओरडले की पलीकडच्या ऑफिसातली माणसं दारात आली. माझं सहीचं काम काढून घेतलं आणि ते बरोबरच होतं. कार्यक्रम पुन्हा लागायचा होता, त्याच्या आत वाक्य दुरुस्त करायचं ठरलं. दिग्दर्शक दुसऱ्या आवाजाला बोलावणार होते. बाई आपण होऊन आल्या. त्यांनी काचेपलीकडे उभं राहून पडद्यावरच्या त्या आईकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी परत तेच करीन." एकाच टेकमध्ये, जसं ती म्हणाली होती तसं. ऐकताना माझ्या अंगावर खरोखर काटा आला. त्यानंतर त्यांनी कधी माइकसमोर काम केलं नाही.

बाबांचा पत्ता लागायला चार महिने लागले. परळमधल्या जुन्या लोकांना विचारत, गावाकडच्या मंडळाच्या वह्या धुंडाळत बाईंनी सावंतवाडीकडचं एक गाव शोधून काढलं. मी बरोबर येऊ का विचारलं तर नको म्हणाल्या.

काय झालं ते मला त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. तिलाही बाईंनी फक्त गावाचं नाव कळवलं होतं, ये म्हटलं नव्हतं. ती आपली आपण गेली.

"बाबा दहा वर्षांपूर्वीच गेले," ती म्हणाली. "बायको आहे. म्हातारी, पण कान शाबूत. आये अंगणात उभी राहून बोलली. सगळं. गोळ्या, स्थळ, डॉक्टर, गॅलरी. वाडीतली वीसपंचवीस माणसं जमली होती. एक शब्द चुकवला नाही की मऊ केला नाही. मी मागे उभी होते, तिला ठाऊक नव्हतं."

"मग? त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन दार लावलं. माणसं पांगली. आये तिथेच उभी. दार उघडेल म्हणून."

"किती वेळ?"

"एसटीची वेळ होईपर्यंत. उन्हात. मग तिचे गुडघे वाकायला लागले," ती म्हणाली. "तेव्हा मी पुढे होऊन तिला धरलं."